म्हातारे उंदीर विकत मिळत नाहीत

कौसल्या सूर्यवंशी गेल्याचं मला कळलं ते वर्गात. कांद्याच्या मुळाचा पातळ छेद काचेवर ठेवून मी मुलींना एकेक करून सूक्ष्मदर्शकापाशी बोलवत होते, तेवढ्यात शिपाई दारात आला आणि म्हणाला, "बाई, भालकीहून फोन होता. मेहकरच्या सूर्यवंशी बाई पहाटे गेल्या म्हणं." मी "बरं" म्हटलं आणि पुढच्या मुलीला भिंग कसं फिरवायचं ते सांगत राहिले. तास संपेपर्यंत सांगत राहिले. मग खोलीत येऊन बसले तेव्हा कळलं, की मी "बरं" कशाला म्हणाले ते... महिन्यापूर्वीच ती गुलबर्ग्याला येऊन गेली होती. दारातच उभी राहून म्हणाली होती, "इंदूअक्का, डोळे पिवळे दिसायलेत का बघ गं." दिसत होते. मी रागावले, दवाखान्यात चल म्हटलं. तिनं हसून विषय बदलला. कावीळ तिला घेऊन गेली, पन्नाशीही गाठू दिली नाही. आता काही आठवडे झालेत, म्हणून लिहायला बसले आहे.

आमची गाठ पडली तेव्हा आमच्या राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं. ती भालकी तालुक्यातल्या मेहकरची, मी आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याची. तिचं घर बौद्ध, माझं घर शेतकरी हिंदूंचं. ती प्राणिशास्त्रात संशोधन करायला गुलबर्ग्याला आली आणि खोली शोधत फिरायला लागली. गंमत अशी, की जात विचारेपर्यंत खोली रिकामी असायची आणि जात सांगितली की खोली कालच गेलेली असायची. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच लागले होते आणि एका शहाबादी फरशीच्या घरात एकटी राहत होते. चहाच्या टपरीवर ओळख झाली. मी म्हटलं, "माझ्याकडं ये, पण मी घोरते." ती म्हणाली, "मी झोपेत कन्नड बोलते म्हणत्यात. चालंल का?" चाललं. पुढची कितीतरी वर्षं निंबर्ग्याहून येणारी माझ्या आईची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही एका ताटात खाल्ली, आणि वादही तेवढेच घातले.

तिचा विषय ऐकून मी आधी हसले होते. उंदरांच्या मेंदूतल्या एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, ताकद वयानुसार कशी बदलते, आणि नरात आणि मादीत ती सारखीच बदलते का, हे तिला पाहायचं होतं. तिनं मला ते भाकरी मोडता मोडता समजावून सांगितलं. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते. निरोप पोचला की तो तिथल्या तिथं पुसून टाकायला हे विकर असतं. पुसलं नाही तर जुनाच निरोप वाजत राहतो, आणि फार पुसलं तर निरोप पोचायच्या आत जातो. मी म्हटलं, "म्हणजे मेंदूतली झाडूपोतं करणारी बाई की गं ही." ती म्हणाली, "व्हय. आता ती म्हातारपणी थकती का, आणि गड्याच्या डोक्यातली आणि बाईच्या डोक्यातली सारखीच थकती का, एवढंच बघायचंय."

एवढंच! पण ते एवढंच तिला करू द्यायला कुणी तयार नव्हतं. तिचे मार्गदर्शक सर धारवाडकडचे, सज्जन माणूस, कामात काटेकोर. त्यांचा सल्ला सरळ होता. मादी उंदराचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांत फिरतं, त्याबरोबर आकडेही हलतात, तेव्हा माद्या सोड, तरुण नर घे आणि लवकर मोकळी हो. सगळे तसंच करत होते. कौसल्या त्यांना म्हणाली, "सर, आकडे हलतात म्हणून माद्या सोडायच्या तर निम्मी दुनियाच सोडावी लागंल. हलतात ते का हलतात, तेच बघू की." सर हसले, म्हणाले, "बरं, पण म्हातारे उंदीर आणणार कुठून? ते कुणी विकत नाही." त्यावर तिचं उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण ते तिनं घरी येऊन मला जेवणाआधी, जेवताना आणि जेवणानंतर असं तीनदा ऐकवलं. "आणायचे कशाला? करायचे!"

उंदीर म्हातारा करायचा म्हणजे त्याला दोन वर्षं जगवायचा. ऐकायला सोपं आहे. आईपासून सुटलेली पिल्लं वेगळी करायची, नर इकडं, माद्या तिकडं, आणि मग रोज पाणी, रोज दाणा, रोज भुस्सा बदलायचा. सणाला सुट्टी नाही, लग्नाला जाणं नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात ही बाई अक्षता टाकून निंबर्ग्याहून दुपारच्या गाडीनं परत गेली, उंदरांना पाणी द्यायला. माझे काका अजून विचारतात, "ती उंदरांची बाई काय करते?" तिची आई, गंगूमाय, एकदा आमच्या खोलीवर आली होती. शेतमजुरी करून लेक शिकवलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. लेकीनं मोठ्या हौसेनं पिंजरे दाखवायला विभागात नेलं. गंगूमायनं कमरेवर हात ठेवून सगळे पांढरे उंदीर बघितले आणि म्हणाली, "सुगीभर आमी उंदरं मारायलाव, आन् तू हितं पोसायलीस? दुष्काळात मानसाला दाना न्हवता गं कौशे." कौसल्या एका पिंजऱ्यातलं पाणी बदलत राहिली. मग गंगूमायनंच विचारलं, "आन् ह्या म्हाताऱ्या बायांचं काय मोजायचं असतंय?" कौसल्या म्हणाली, "तेच तर कुणी मोजलं न्हाई, माय."

दुसऱ्या उन्हाळ्यात घात होऊ लागला. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं भोगलाय त्याला काही सांगायला नको. वीज दुपारीच जायची, पंखे बंद पडायचे आणि पत्र्याखालची उंदरांची खोली भट्टीसारखी व्हायची. पांढरा उंदीर नाजूक असतो, उष्णता त्याला सोसत नाही. एका दुपारी तिला काही उंदीर मेलेले दिसले. ज्यांना म्हातारपणाच्या उंबरठ्यावर आणून ठेवलं होतं, तेच. थोडे आठवडे उरले होते फक्त. उरलेले जगले तर प्रबंध, नाही तर दोन वर्षं मातीत. ती रात्री जेवली नाही. सकाळी उठून म्हणाली, "मायच्या घराचं माळवद गार असतंय." सरांची परवानगी काढली आणि पिंजरे कापडानं झाकून आम्ही दोघी लाल गाडीत बसलो. माझं तिथं काय काम होतं कुणास ठाऊक, पण अर्धे पिंजरे माझ्या मांडीवर होते. हुमनाबादच्या अलीकडं कंडक्टरनं कापडाचा कोपरा उचलून विचारलं, "क्या है अम्मा, तोते?" कौसल्या म्हणाली, "चूहे हैं भाई. सफेद." त्यानं कापड पटकन खाली सोडलं. "हल्लू बोलो अम्मा, लोगां उतर जाते." तिकीट मात्र त्यानं उंदरांचं मागितलं नाही.

मेहकरला त्या घरात मातीच्या जाड भिंती होत्या, वर मातीचं माळवद आणि आत एक अंधारी खोली, एकच झरोका असलेली. मांजर आणि मुंग्या लागू नयेत म्हणून आम्ही पिंजरे शिंक्यासारखे दोरीनं तुळईला टांगले. झरोक्याला आणि दाराला गोणपाट बांधलं. गंगूमायनं सगळं पाहिलं, कपाळावर हात मारला आणि मग तांब्या घेऊन गोणपाटावर पाणी मारायला लागली. दुपारभर, गोणपाट वाळलं की पुन्हा. विहीर खोल गेलेली होती, पाणी डोक्यावरून आणावं लागत होतं, तरी एक दिवस चुकला नाही. गावातली माणसं सरकारी उंदीर बघायला येत आणि ती त्यांना दारातच थोपवून म्हणे, "हळू बोला, निजलेत." आम्हाला म्हणाली, "जल्मभर उंदरं मारली, आता लेकीपायी त्येंची राखन करायलेव." ती राखण अशी की एकही उंदीर मेला नाही.

मग कौसल्याला परीक्षेच्या कामासाठी आठवडाभर गुलबर्ग्याला यावं लागलं. आम्ही दोघी परत मेहकरला गेलो तेव्हा गंगूमाय दारातच उभी होती, तोंडभर हसत. "येकबी मेलं न्हाई," ती म्हणाली. कौसल्या आत गेली. मी मागून. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला आणि मग दिसलं, की प्रत्येक पिंजऱ्यात जोडी आहे. एक नर, एक मादी. एकमेकांना चिकटून झोपलेले. "माय," कौसल्याचा आवाज अगदी बारीक झाला, "हे कोणी केलं?"

"मीच की. म्हातारी झाली गं बिचारी. जल्मभर येगळी ठिवलीस, गडी तिकडं, बाया हिकडं. दिवसभर जाळीतून येकमेकाकडं बगायलेत. आता काय लेकरं व्हायची हायत का त्येन्ला? म्हातारपनी तरी जोडीनं बसू दे म्हनलं. भांडनबी न्हाई, तंटाबी न्हाई, बग कशी निजलेत."

आपल्याकडच्या बाईला दुसरं सुचणारच काय! नर जवळ आला की मादीच्या शरीरातले स्राव बदलतात, आणि त्या स्रावांचाच तर हिशेब लावायचा होता. तो सगळा गट गेला. कौसल्या उंबऱ्यावर बसली. मला वाटलं, आता ही ओरडणार. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं, माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. ती आधी हसायला लागली. हसता हसता डोळे वाहायला लागले, आणि मग ते हसणं राहिलं नाही. गंगूमाय घाबरली. "कामून रडायलीस गं? काई चुकलं का माजं?" कौसल्यानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "न्हाई माय. एवढ्या उन्हात एक पण मेला न्हाई म्हणून रडायले." बाहेर आल्यावर माझा हात घट्ट धरला. "मायला हे कधीच कळू द्यायचं न्हाई, अक्का." मी शब्द दिला. तो आज इथं मोडते आहे, कारण आता तो पाळून कुणाचं भलं होत नाही, आणि कौसल्या काय चीज होती हे दुसऱ्या कशानं सांगताही येत नाही.

कारण पुढं तिनं जे केलं ते मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. सरांनी तिला समजावलं, अगदी कळवळ्यानं. आठवडाभराचाच प्रश्न आहे, पुन्हा वेगळे कर, थोडे दिवस थांब आणि मोजून टाक. गावातल्या म्हातारीनं काय केलं हे कुणाला कळणार आहे? ती म्हणाली, "मला कळलंय की, सर." तिनं तो गट प्रबंधातून काढला आणि नवी पिल्लं घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा दोन वर्षं. शिष्यवृत्ती संपली होती. तिनं तालुक्याच्या कॉलेजात नोकरी धरली आणि दर शनिवारी गुलबर्ग्याला यायला लागली. अधल्यामधल्या दिवशी वनस्पतिशास्त्राची मी उंदरांची आया झाले. पहिल्यांदा एक उंदीर माझ्या बाहीत शिरला तेव्हा मी जी किंचाळले, त्यावर ती मरेपर्यंत हसत होती.

उन्हाळा आला तसे नवे उंदीर निघाले, आणि कुठं? पुन्हा मेहकरलाच! मी कपाळाला हात लावला. "अगं, पुन्हा मायच्या हवाली?" ती म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाच्या? एवढा जीव लावणारं दुसरं कोण हाय?" पण ह्या वेळी तिनं आईला सांगितलं, की नरांना खरूज आहे, माद्यांजवळ गेले तर त्यांनाही लागेल. गंगूमायनं नरांचे पिंजरे खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला टांगले. मादीनं जाळीतून तिकडं नाक केलं तरी ती दटावायची, "तिकडं बगू नगंस, खरजुला हाय त्यो." मी कौसल्याला चिडवलं, "पहिलं शील तर तुझं जाणारच आहे, आता चौथंही?" पंचशीलातलं पहिलं म्हणजे प्राणिहत्या न करण्याचं आणि चौथं खोटं न बोलण्याचं. ती म्हणाली, "पहिल्याला मी गप बसते, चौथं हळू म्हणते."

ती थट्टा नव्हती, हे मला नंतर समजलं. मेंदूतलं विकर मोजायचं तर उंदीर मारावा लागतो, ह्याला दुसरा रस्ता नव्हता. गंगूमायनं एकदा सरळ विचारलं होतं, "मारायचीच हायत तर जगवायलीस कामून?" "म्हातारं झाल्याबिगर म्हातारपण कळत न्हाई, माय." ज्या दिवशी ते काम करायची त्या दिवशी कौसल्या काही खायची नाही आणि कुणाशी बोलायची नाही. मी एकदा तिच्याबरोबर मेहकरच्या विहारात वंदनेला बसले होते. सगळे पंचशील म्हणत होते. पहिल्या शीलाला तिचे ओठ मिटलेले होते, दुसऱ्यापासून तिचा आवाज लागला. बाहेर पडल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "जे पाळत न्हाई ते बुद्धासमोर कशाला म्हणू?"

म्हाताऱ्या माद्या शेवटी मोजल्या गेल्या. नर आणि मादी एका चालीनं म्हातारे होत नाहीत, मेंदूच्या एका भागात एक दिसतं तर दुसऱ्यात वेगळं, असं काहीसं तिला सापडलं. मला ते सगळं समजलं असा माझा दावा नाही. तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की पहिला वृद्ध गट गाळला असं लिहिलंय, ते कशामुळं? कौसल्या उभी होती, पांढरं लुगडं, हात मागं बांधलेले. ती म्हणाली, "माझ्या आईनं दया येऊन त्यांना जोडीनं ठेवलं होतं, सर." मग ते परीक्षक चष्मा काढून हसले, आणि आमचे सरही हसले, आणि मला मात्र रडू आलं. प्रबंधात आभाराच्या पानावर सरांच्या खालोखाल गंगूबाई सूर्यवंशींचं नाव आहे, प्राण्यांची निगा राखल्याबद्दल. गंगूमायला वाचता येत नव्हतं. कौसल्यानं तिचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं. त्यानंतर म्हातारी गावभर सांगत सुटली, "कौशी डाक्टर झाली ती माज्या राखनीनं." कौसल्या शेजारी उभी असली तर मान हलवून म्हणायची, "व्हय, खरं हाय." आणि ते खरंही होतं.

पुढची वर्षं तिनं कॉलेजात शिकवण्यात घालवली. लग्न केलं नाही, मेहकरच्याच घरात आई आणि भाऊ-भावजयीबरोबर राहिली. तिच्या हाताखाली शिकलेल्या खेड्यातल्या पोरी आज शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत. मग गंगूमायचं विसरणं सुरू झालं. आधी चूल पेटलेली विसरणं, मग गल्ली विसरणं, मग माणसं. गावातली माणसं कौसल्याला म्हणायची, "बाई, तुम्ही तर मेंदूच्या डाक्टर, म्हातारीला औषध द्या की." दुसरा कुणी असता तर आपल्या प्रबंधातली दोन वाक्यं फेकून मोठा झाला असता. ती म्हणायची, "मला उंदराचा मेंदू थोडा ठाऊक हाय. मायचा न्हाई." हे सांगताना तिला काय वाटत असेल ते मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी आईची वेणी घालून ती कॉलेजला जायची, आणि रोज संध्याकाळी आई तिला विचारायची, "तू कुनाची गं?" "तुझीच," असं म्हणून ती चहा टाकायची.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे कौसल्याच्या स्मृतीत होणाऱ्या वंदनेच्या, दिवशी मी मेहकरला गेले. विहारात पंचशील सुरू झालं तेव्हा पहिल्या शीलाला मी नकळत शेजारी पाहिलं... नंतर घरी गेले. ऊन कडक होतं. मांडवातली माणसं पांगली होती. भावजय हळूच म्हणाली, की गंगूमायला कौसल्या गेल्याचं दोनदा सांगून झालं. दोन्ही वेळा ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऊर बडवून रडली आणि दुसऱ्या दिवशी विसरली. आता कुणी सांगत नाही.

मी आतल्या खोलीशी गेले. तुळईला दोऱ्यांचे तुकडे अजून लोंबत होते. पिंजरे कधीच गेलेले, खोलीत कांदे पसरलेले. आणि दाराला गोणपाट बांधलेलं. तेवढ्यात गंगूमाय भिंतीला धरत धरत आली, वाकून अर्धी झालेली, हातात तांब्या. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. गोणपाटावर तिनं पाणी मारलं, वरपासून, हात पोचेल तिथपर्यंत. भावजय म्हणाली, "रोजचंच हाय. दुपार झाली की उठतात. सगळं इसरलं, हे न्हाई इसरल्या."

मग गंगूमायनं मला पाहिलं. ओळखलं नाही. पण शहाण्या बाईनं शहाण्या बाईला सांगावं तसं माझ्या दंडाला धरून जवळ ओढलं आणि आतल्यांची झोप मोडू नये अशा बेतानं म्हणाली, "गुलबर्ग्याला जायलीस का? कौशी भेटली तर सांग तिला. ऊन लई हाय, पन येकबी मेलं न्हाई म्हनावं."

"सांगते, माय," मी म्हटलं. तिच्या हातातला तांब्या घेतला, भरून आणला आणि जिथं तिचा हात पोचला नव्हता तिथलं गोणपाट भिजवलं.